तुटलेला धागा पुन्हा अखंड, तोही शेवटच्या रांगेपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळ हातचलाखीचा: लोकांसमोर धागा तोडायचा, तुकड्यांची गोळी करायची, अंगठ्यामागे लपवलेल्या अखंड धाग्याच्या गोळीशी तिची अदलाबदल करायची आणि अखंड धागा उलगडून दाखवायचा.

साधा शिवायचा दोरा किती लांबून दिसतो?

निरोगी डोळ्याला ढोबळमानाने एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा कळतो. दहा मीटरवर हा बारकावा २.९ मिलिमीटर भरतो, वीस मीटरवर ५.८ आणि तीस मीटरवर ८.७. शिलाईचा दोरा जेमतेम पाव मिलिमीटरचा. म्हणजे हिशेबाने तो मीटरभर अंतरावरच संपायला हवा.

प्रत्यक्षात तसं होत नाही. बारीक पण लांब रेघ डोळा याहून कितीतरी लांबून पकडतो, फक्त रेघ आणि तिच्या मागची जागा यांच्या उजेडात मोठा फरक लागतो. काळ्या मखमलीपुढचा पांढरा दोरा दहा-बारा मीटरवरून सहज दिसतो. तोच दोरा मंडपाच्या गुलाबी-पिवळ्या झालरीपुढे धरा, पाच मीटरवर गायब.

त्यापलीकडे बसलेल्या माणसाला धागा दिसत नाही, धाग्याचं काम दिसतं. ताणलेले हात, धाग्याला लटकलेली वस्तू, तुटल्यावर एकदम सैल झालेले खांदे. पुढची बरीच उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात.

मग सरळ जाड दोरा का घेऊ नये?

पहिल्यांदा सगळे हेच करतात आणि गोळीपाशी अडकतात. जाडी दुप्पट झाली की गोळीचं आकारमान चौपट होतं. सव्वा ते दीड मीटर दोऱ्याचा हिशेब असा: अर्धा मिलिमीटर जाडीची गोळी वाटाण्याएवढी, एक मिलिमीटरची छोट्या बोराएवढी, दोन मिलिमीटरची लिंबाच्या आसपास. वाटाणा अंगठ्यामागे लपतो. बोर लपवायला अंगठ्यावर चढवायची टोपी, म्हणजे थंब टिप लागते. लिंबू लपवायचा तर खेळच दुसरा करावा.

लांबी दुप्पट केली तर गोळी फक्त दुप्पट होते. त्यामुळे वाढवायचीच असेल तर आधी लांबी वाढवा. हात पूर्ण पसरल्यावर छातीपुढे ताठ राहील एवढी, १२० ते १४० सेंटीमीटर पुरते.

कोणता दोरा चांगला?

वटपौर्णिमेला बायका वडाला गुंडाळतात ते कच्चं सूत. पूजा साहित्याच्या दुकानात गुंडी मिळते. पांढरं, पीळ कमी, झटक्याने तुटतं आणि तुटलेलं टोक पिंजारतं. ते पिंजारलेलं टोक कामाचं असतं, कारण ‘खरंच तुटलंय’ ही साक्ष पहिल्या रांगेतला माणूस मागच्याला देतो. एक पदर फार बारीक पडतो. दोन पदर घेऊन मांडीवर हलका पीळ द्यावा, साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर होतं.

पॉलिस्टरचा शिलाई दोरा नको, बोट कापतो पण तुटत नाही. वाकळ शिवायचा दोरा दिसायला छान, पण तो वर्षानुवर्षं टिकावा म्हणूनच पीळ देऊन केलेला असतो. पैठण जवळ आहे म्हणून पैठणीतली जर, म्हणजे सोनेरी तार, वापरायचा मोह काहींना होतो, चमकते ना! पण ती स्वच्छ तुटत नाही, घडीला नीट बसत नाही आणि उलगडताना स्वतःतच अडकते. नायलॉन मांजाचा विचारही नको. तो तुटत नाही, बोटं कापतो आणि २०१७ पासून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यावर देशभर बंदी घातली आहे.

पावसाळ्यात एक गंमत होते. सुती दोरा ओलसर झाला की कमजोर होत नाही, उलट जास्त चिवट होतो. श्रावणातल्या कार्यक्रमाला सूत डब्यात बंद ठेवा आणि खेळाआधी अर्धा तास दिव्याखाली वाळवून घ्या.

अखंड गोळी कशी बांधायची?

चोळून केलेली गोल गोळी पुन्हा उलगडत नाही, गाठ बसते. घडी घालावी लागते.

१. १२० सेंटीमीटरचा दोरा घ्या. एक टोक पाऊण सेंटीमीटर बाहेर ठेवून दीड-दीड सेंटीमीटरच्या पुढे-मागे घड्या घालत जा, साडीच्या निऱ्या घालतो तशा.

२. शेवटचे १५-१६ सेंटीमीटर उरले की थांबा.

३. उरलेला दोरा घड्यांच्या मध्यावर सात-आठ वेळा गुंडाळा. घट्ट नाही, घडी सुटणार नाही इतपतच.

४. हेही टोक पाऊण सेंटीमीटर बाहेर राहू द्या. म्हणजे दोन बाजूंना दोन मिशा.

५. चिमटीत दाबून चपटी करा.

दोन्ही मिशा ओढल्या की आधी मधले वेढे सुटतात, मग निऱ्या एकेक करून मोकळ्या होतात. दिवसात चार खेळ असतील तर सहा गोळ्या आधी करून काडेपेटीत ठेवा, दोन जास्तीच्या. आठवडाभर दाबून ठेवलेली गोळी मात्र वापरू नका. निऱ्यांना मोड बसतो आणि उलगडलेला धागा नागमोडी दिसतो. तुटलेला धागा सरळ होता, जोडलेला वाकडा कसा, हे शाळेतली लेकरं लगेच ओळखतात.

मेण किती आणि कुठे?

मधमाशीचं मेण, ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढं. डाव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला, टोकापासून दीड सेंटीमीटर खाली घासून बसवायचं. गोळीला मेण लावायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. गोळीला लागलं की ते धाग्याबरोबर निघतं, निऱ्या एकमेकींना चिकटतात आणि अंगठा कोरडा पडतो. अंगठ्यावर मेण, त्यावर गोळी हलकेच टेकवलेली, एवढंच.

मधाचं मेण वितळतं साठ अंशांच्या वर, पण मऊ पडायला खूप आधीपासून लागतं. मे महिन्यात पत्र्याच्या मंडपात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मेण लोण्यासारखं होतं आणि घामाने अंगठ्यावरून घसरतं. अंगठा आधी कोरड्या फडक्याने पुसा, मेण निम्मं करा, गोळी मंचावर जाण्याच्या अगदी आधी लावा. पौषातल्या रात्री परभणी-नांदेडकडे याच्या उलट होतं. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेसारख्या उघड्या मैदानात बोटं गार, मेण दगड. तिथे मेणात खोबरेल तेलाचा एक बारीक थेंब मळून न्यावा आणि हात शालीखाली गरम ठेवावा.

तोडायचं कसं, म्हणजे मागच्यांना कळेल?

इथे घाई करू नका. पहिली तोड हीच सगळ्या मैदानाला दिसणारी तोड असते, बाकीच्या पुढच्या चार रांगांसाठी.

धागा छातीपुढे आडवा ताणा, हात पूर्ण पसरून. अंगासमोर उभा धरू नका. आधी तो आहे हे पटवा. त्यासाठी सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे बांगडी. साडेसहा सेंटीमीटर व्यासाची, प्लॅस्टिकची, गडद पार्श्वभूमी असेल तर पिवळी किंवा पांढरी. काच नको, ती मंचावर फुटते. लोकांतूनच कुणा मावशीची मागून घेतली तर आणखी बरं, पण एक आपली जवळ असू द्या. बांगडी धाग्यात ओवा, एक हात जरा वर करा, बांगडी घसरत खालच्या हाताकडे जाईल. मग दुसरा हात वर, बांगडी परत. वीस मीटरवरच्या माणसाला धागा कदाचित दिसत नसेल, पण बांगडी डोळ्याच्या त्या किमान बारकाव्याच्या अकरापट मोठी असते. ती हवेत तिरकी घसरताना पाहून ‘मधे धागा आहे’ हे त्याचं त्यालाच कळतं.

आता बांगडी मधोमध आणा. एक श्वास थांबा. झटका. बांगडी खाली पडते, हात दोन बाजूंना उडतात. यानंतर दोन सेकंद काहीच करू नका, बोलूही नका. दोन हातांतले दोन लोंबते तुकडे डावीकडे, उजवीकडे, समोर दाखवा.

पुढचं गणित सोपं आहे. १२० चे दोन तुकडे साठ-साठचे. ते एकत्र धरून तोडा, तीसचे चार. ते एकत्र तोडा, पंधराचे आठ. तिथे थांबा. आठ तुकडे एकदम तोडायला गेलं तर ते तुटत नाहीत, तर्जनीला काप पडतो आणि चेहऱ्यावर जोर दिसतो. आठ तुकडे केरसुणीसारखे पसरून दाखवा, मग गोळी करा.

अदलाबदल नेमकी कधी आणि कशी?

तुकडे गोल चोळून डाव्या चिमटीच्या टोकाशी आणा. अखंड गोळी त्याच अंगठ्यावर, तर्जनीच्या आडोशाला आहेच. उजव्या चिमटीने दोन्ही गोळ्या एकच असल्यासारख्या उचला, घट्ट दाबण्याच्या निमित्ताने बोटांत अर्धा फेरा फिरवा: पुढची मागे, मागची पुढे. परत डाव्या चिमटीत देताना तुकड्यांची गोळी अंगठ्यावरच्या मेणाला टेकते, अखंड गोळी टोकाशी राहते. एकूण काम दीड सेकंदाचं.

ते दीड सेकंद तुमची नजर गोळीवर नसावी. पडलेल्या बांगडीकडे बघा आणि समोरच्या लेकराला ती उचलून द्यायला सांगा. सगळं मैदान बांगडीकडे बघतं. बांगडी पाडण्यात हाही एक फायदा आहे.

मंचाच्या बाजूला बसलेल्यांना दिसतं का?

दिसतं. गावातल्या कार्यक्रमात लेकरं मंचाला तिन्ही बाजूंनी चिकटून बसतात आणि दोन-चार मागच्या पायऱ्यांवर चढलेली असतात. डावा अंगठा डाव्या बाजूच्या आणि मागच्या लोकांना उघडा पडतो. मंचाची डावी कड आयोजकांकडून मोकळी करून घ्या, किंवा स्वतः डावा खांदा पाव वळसा पुढे काढून उभे राहा. मागच्या पायऱ्यांवर कुणी असेल तर हा खेळ त्या ठिकाणी करू नये. मंच चार फूट उंच आणि लोक सतरंजीवर असतील तर हात छातीच्या रेषेतच ठेवा. डोक्याच्या वर नेले की पहिल्या रांगेला अंगठ्याखालचा भाग दिसतो.

मागे काय लावावं? अंगात काय घालावं?

काळं किंवा गडद निळं कापड, आठ फूट बाय सहा फूट पुरतं. मखमल उत्तम, कारण ती उजेड परत फेकत नाही. चमकदार साटीन नको. मंडपवाल्याकडे बहुतेक साटीनच असतं, म्हणून स्वतःचं कापड घडी करून न्या. कापड तुमच्या मागे किमान दीड-दोन मीटरवर हवं, नाहीतर तुमच्यावरचा उजेड त्यावरही पडतो.

पांढऱ्या सदऱ्यापुढे पांढरा धागा म्हणजे संपलंच. वर काळं जाकीट घाला, बाह्या कोपरापर्यंत सारा. बाह्या सारल्या की संशयही कमी होतो.

दिवे कुठे ठेवायचे?

समोरून मारलेला झगझगीत हॅलोजन धागा चपटा करतो आणि मागचं कापडही उजळतो. दोन दिवे, दोन्ही बाजूंना दोन-अडीच मीटरवर, तुमच्या किंचित मागे, डोक्याच्या उंचीवर, रोख हातांकडे. मागून-बाजूने आलेला उजेड धाग्याच्या कडेला लागतो आणि धागा पेटल्यासारखा दिसतो. पन्नास वॅटचे एलईडी फोकस पुरतात. चेहऱ्यासाठी समोरचा एक दिवा मंद ठेवा. लोकांच्या डोळ्यांत एकही दिवा जाता कामा नये, डोळे दिपले की बारीक काही दिसत नाही.

वीज जाते. चार्जिंगचा एक दिवा बाजूला तयार असू द्या.

शाळेत सकाळी उघड्यावर कार्यक्रम आहे. मग?

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की लगेच खेळ ठेवतात, तेव्हा दिवे-पडदे काही नसतं. मागे उजळ आकाश असेल तर धागा काळा किंवा गडद लाल घ्या, पांढरा विसरा. त्याहून चांगलं म्हणजे व्हरांड्यात उघड्या वर्गाच्या दारासमोर उभं राहा. बाहेर ऊन असताना आतला अंधार काळ्या पडद्याचंच काम करतो, मग पांढरंच सूत चालतं. सूर्य लोकांच्या पाठीशी असू द्या.

पंखा आणि कूलर?

बंद करायला सांगा, किमान चार मिनिटं. वाऱ्याने तुकडे उडतात, अखंड धागा उलगडताना मागे वळून बोटांना गुंडाळतो. आयोजक ‘हळू करतो’ म्हणतात, तेवढ्याने भागत नाही.

उलगडताना गोळी अडकली तर?

बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: वेढे घट्ट, मेण गोळीला लागलेलं, किंवा ओढण्याची घाई. १२० सेंटीमीटर उलगडायला आठ-दहा सेकंद द्या, दोन्ही हात सारख्या वेगाने बाहेर. अडकलीच तर झटका देऊ नका, अखंड धागाच तुटेल आणि मग सांगायला काही उरणार नाही. ताण सैल करा, गोळीवर फुंकर मारा, बोटाने एकदा चोळा, पुन्हा ओढा. फुंकर मंत्रासारखी दिसते आणि वेढा सुटायला वेळ मिळतो.

पूर्ण ताणल्यावर बांगडी पुन्हा ओवा आणि घसरवा. टाळ्या धागा उलगडल्यावर कमी आणि बांगडी घसरल्यावर जास्त पडतात.

माइक कोणता?

दोन्ही हात अडकलेले, म्हणून हातातला माइक बाद. कॉलर माइक किंवा स्टँड. कॉलर माइक असेल तर दुसरी तोड हनुवटीजवळ करा, सूत तुटल्याचा ‘टच’ आवाज स्पीकरवर येतो.

मोठ्या एलईडी पडद्यावर दाखवायचं आहे. कॅमेरावाल्याला काय सांगू?

आधी मोजमाप सांगा. फुल एचडी चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. चौकटीत तुमच्या आजूबाजूची दोन मीटर जागा धरली तर एक ठिपका एक मिलिमीटरहून मोठा, अर्ध्या मिलिमीटरचा धागा त्यात विरून जातो. साठ सेंटीमीटर धरली तर ठिपका ०.३ मिलिमीटरचा, धागा दिसतो. म्हणून पहिल्या ताणाला रुंद चौकट, तुकडे आणि गोळीच्या वेळी जवळची.

फोकस हाताने, बोटांवर धरून ठेवायला लावा. आपोआप फोकस बारीक धागा सोडून मागच्या पडद्यावर जातो. स्वस्त एलईडी दिव्यांत चित्रावर पट्टे सरकतात, तेव्हा शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवतात. बारीक रेघांचा शर्ट टाळा, पडद्यावर लाटा उठतात. आणि कॅमेरा तुमच्या उजव्या हाताला किंवा समोर, डावीकडे कधीच नाही. अदलाबदलीच्या वेळी त्याने बांगडीवर जावं, हे तालमीतच ठरवून घ्या. कॅमेरा जवळ आला की बाजारातली गुलाबी थंब टिप उठून दिसते. ती रंगवून आपल्या कातडीशी जुळवा किंवा वापरूच नका.

अंधारात चमकणारा धागा चालेल का?

काळ्या उजेडाची, म्हणजे अतिनील ट्यूब असेल तर चालतं. वेगळा धागा आणायची गरज नाही. बहुतेक कपडे धुण्याच्या पावडरीत उजाळा देणारं द्रव्य असतं, त्या पाण्यात पांढरं सूत रात्रभर भिजवून न खंगाळता वाळवलं की ट्यूबखाली निळसर चमकतं. अडचण एवढीच की तुमचे दात आणि बनियनही चमकतात. शिवाय पूर्ण अंधार लागतो, आणि तो गावच्या मैदानात मिळत नाही.

हजारावर लोक असतील तर?

मग धागा सोडा. पाचशेपर्यंत बांगडीच्या मदतीने निभावतं, त्यापुढे पतंगी कागदाची पट्टी घ्या, तीन सेंटीमीटर रुंद, दीड मीटर लांब, जत्रेतल्या पताकांच्या रंगाची. तत्त्व तेच, फाडल्याचा आवाज माइकवर मोठा येतो आणि अखंड पट्टीची घडी तळहातात मावते.

आणखी मोठा जमाव असेल तर आपला जुना फेट्याचा खेळ. पातळ सुती कापड, चार-पाच मीटर, दोन पाहुणे दोन टोकं धरतात. मध्य गोळा करताना एका टोकाजवळचा भाग मुठीत वर आणायचा आणि ‘मध्य’ म्हणून तोच कापायचा. गाठ मारून तिच्या कडा छाटत गेलं की छोटा तुकडा कतरणीत जातो आणि फेटा अखंड. याला मेण नको, अंधार नको.

बरोबर गोष्ट कोणती सांगावी?

शिकागोचे जादूगार यूजीन बर्गर (१९३९–२०१७) हाच खेळ ब्रह्मा-विष्णू-महेशांच्या उत्पत्ती आणि लयाच्या कथेसोबत अतिशय संथ करत. पण तो जवळ बसलेल्या मोजक्या माणसांचा बाज. मैदानात चार वाक्यं पुष्कळ. सासू-सुनेचं तुटलेलं नातं, वाकळीचे टाके, भावकीचा बांध, काहीही चालतं. वाक्य तोडीच्या आधी संपलं पाहिजे, एवढंच सांभाळा.

लोक याला चमत्कार म्हणायला लागले तर?

सुरुवातीलाच ‘ही हातचलाखी आहे’ असं माइकवर सांगा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं हा गुन्हा आहे. करमणुकीचा खेळ वेगळा. कुणी ‘तोच धागा घरात बांधायला द्या’ म्हणालं तर देऊ नका.

तुकड्यांची गोळी कुठे टाकायची?

बांगडी मावशींना परत देताना डावा हात जाकिटाच्या खिशावरून जातो, तिथेच. खिशाच्या आतल्या कडेवर अंगठा ओढला की मेणासकट निघते. तोंडात टाकू नका, बोलताना ती श्वासनळीत जाऊ शकते. कार्यक्रम संपल्यावर मंचाखालचे सुताचे तुकडे वेचून घ्या. तिथे काय पडलंय हे बघायला दुसऱ्या मिनिटाला लेकरं येतातच.